शब्द, भीड आणि मर्यादा

मराठीत ‘शब्द’ म्हणजे वचनही. अमक्याने शब्द दिला, तमक्याने शब्द पाळला, कुणी शब्द फिरवला, कुणी कुणाचा शब्द खाली पडू दिला नाही, अशा बोलण्यातून मराठवाड्यात पुढाऱ्याची किंमत आजही ठरते. नांदेड-लातूरकडच्या गावातला माणूस आमदाराच्या वाड्यावरून किंवा कारखान्याच्या अध्यक्षाच्या भेटीहून परतला की घरचे आधी विचारतात, “शब्द दिला का?” काम कधी होईल, हे नंतर. नेत्यापाशी वेळ, पैसा, माणसे आणि पत एवढेच भांडवल असते आणि ते मोजके असते. दिलेला प्रत्येक शब्द त्या भांडवलातून काही ना काही उचलून नेतो. कोणता शब्द द्यावा, कोणता देऊ नये आणि दिलेल्या शब्दातून प्रामाणिकपणे मोकळे कसे व्हावे, हा म्हणूनच नेतृत्वाच्या अभ्यासाचा गाभा आहे. सरपंच, बचत गटाची अध्यक्ष, प्राचार्य, जिल्हाधिकारी, मंत्री यांच्या कामाचे आकार वेगवेगळे असले तरी या प्रश्नापुढे सगळे सारखेच उभे असतात.

‘नाही’ म्हणता न येण्याला मराठीत भीड असे नेमके नाव आहे, आणि भीड ही भिकेची बहीण असे जुनी माणसे सांगत आली. भिडेचा उगम मात्र वाईट नाही. ओळख, नाते, वडीलधाऱ्यांचा मान, शेजारधर्म यांतूनच ती येते. मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता तेव्हा सामान्य माणसाला मताचा अधिकार नव्हता. मोठा मुलूख जहागिरींत आणि निजामाच्या खासगी मालकीच्या सर्फ-ए-खास प्रदेशात होता. दाद मागायची तर एखाद्या वजनदार माणसाच्या दारात जावे लागे. तो रिकाम्या हाताने परत पाठवत नसेल तर तोच मोठा माणूस. राज्य गेले, मताचा अधिकार आला, तरी मोठेपणाची ही मोजपट्टी बरीचशी तशीच राहिली. नेत्याने होकार दिला की तो आपला आणि नकार दिला की तो चढेल, असा हिशेब आजही चालतो. मर्यादा आखणे हे इथे वेळेच्या नियोजनाचे तंत्र उरत नाही. त्यात माणसे दुखावण्याची खरी जोखीम असते, आणि ती मान्य केल्याशिवाय या विषयावर बोलण्यात अर्थ नाही.

या जोखमीचे सर्वांत ठळक रूप लग्नसराईत दिसते. एप्रिल-मे म्हणजे मराठवाड्यात लग्नांचे दिवस आणि पाणीटंचाईचेही. टँकर कुठे लावायचे, कोणती विहीर अधिग्रहित करायची, चारा छावणी कुठे हवी हे ठरवण्याच्या नेमक्या दिवसांत लोकप्रतिनिधीचा दिवस पाच तालुक्यांतल्या मांडवांत अक्षता टाकण्यात जातो. मयत, तेरावा, सप्ताहाचे काल्याचे कीर्तन, सत्कार, उद्घाटन ही बोलावणी वेगळीच. हजेरी म्हणजे आस्था, हे समीकरण खोटे नाही. दुःखाच्या घरी जाणारा पुढारी लोकांना उगाच आवडत नाही. पण त्याच मांडवातला वधूपिता उद्या टँकर आला नाही म्हणून तक्रार करणार असतो. काही गावांतले जाणते पुढारी यातून एक वाट काढतात: मयतीला स्वतः जायचे, लग्नाला घरातल्या कुणाला पाठवायचे, आणि हा नियम सगळ्यांना सारखा लावायचा. नियम सारखा असला की नकार कुणा एकाच्या वाट्याला येत नाही आणि राग मावळतो. एका घरचे लग्न चुकवून दुसऱ्या घरी तासभर बसणारा नेता मात्र दोन्हीकडची पत घालवतो.

या भागाच्या इतिहासात मर्यादेचा विचार सर्वांत खोलवर जगलेले नाव म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. नांदेडच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे आणि १७ सप्टेंबर या मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाला भाषणांतून त्यांचे स्मरण होते. त्या भाषणांत त्यांनी काय केले याची यादी येते. त्यांनी काय सोडले याचा उल्लेख क्वचित येतो. व्यंकटेश भवानराव खेडगीकर हे त्यांचे मूळ नाव, जन्म ३ ऑक्टोबर १९०३ चा, विजापूर जिल्ह्यातील सिंदगीचा. तरुणपणी ते कामगार नेते ना. म. जोशी यांच्याबरोबर काम करत होते. तिथून ते हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आले, मुख्याध्यापक झाले. १९३२ मध्ये त्यांनी संन्यास घेतला. पुढे अंबाजोगाईच्या योगेश्वरी शाळेची उभारणी त्यांनी अंगावर घेतली. १९३८ मध्ये लातूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे दुसरे अधिवेशन भरले आणि त्याच वर्षी शाळा सोडून ते पूर्ण वेळ राजकीय लढ्यात उतरले. दोन दगडांवर पाय त्यांनी ठेवला नाही. शाळा ही त्यांची आवड होती, पण सत्याग्रहात तुरुंगात जाणाऱ्या माणसाने मुख्याध्यापकाची खुर्ची अडवून ठेवली असती तर शाळेचेही नुकसान झाले असते आणि लढ्याचेही.

संन्यासाकडे या विषयाच्या अंगाने पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. भगवी वस्त्रे ही सगळ्यांना दिसणारी मर्यादा होती. या माणसाला संसार नाही, वारस नाही, त्याला जमीन नको, मुलासाठी नोकरी नको, हे समोरच्याला न सांगता कळत असे. मागणी येण्याआधीच मर्यादा दिसत असेल तर नकाराचा प्रसंगच कमी येतो. प्रत्येक नेत्याने संन्यास घ्यावा असे कुणी म्हणणार नाही. पण आपल्या नातेवाइकाला संस्थेत नोकरी मिळणार नाही, हे निवडून येण्याआधी जाहीर सांगणारा सरपंच किंवा संस्थाचालक तेच काम साध्या कपड्यांत करतो.

१९३८ चा सत्याग्रह हा या अभ्यासातला सर्वांत अवघड धडा आहे. हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याआधीच निजाम सरकारने तिच्यावर बंदी घातली. जबाबदार राज्यपद्धती, म्हणजे लोकांना उत्तरदायी असलेले सरकार, ही तिची मागणी होती. २४ ऑक्टोबर १९३८ ला सत्याग्रह सुरू झाला, तुकड्यामागून तुकड्या अटक होऊ लागल्या, स्वामीजीही तुरुंगात गेले. त्याच काळात आर्य समाज आणि हिंदू महासभा यांचे वेगळे सत्याग्रह चालू होते. रस्त्यावरच्या माणसाला तिन्हीतला फरक कळणे कठीण होते आणि सरकारला तो पुसून टाकणे सोयीचे होते. लोकशाहीच्या मागणीला धार्मिक भांडणाचे लेबल चिकटण्याचा धोका दिसू लागला. गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबरला, बरोबर दोन महिन्यांनी, स्टेट काँग्रेसने सत्याग्रह स्थगित केला.

गर्दी वाढत असताना, माणसे तुरुंगात असताना थांबणे म्हणजे काय, हे समजून घेतले पाहिजे. आर्य समाजाचा सत्याग्रह पुढे १९३९ च्या ऑगस्टपर्यंत चालला आणि त्यात हजारो लोक तुरुंगात गेले. उत्साहाने आलेले तरुण नाराज होणे स्वाभाविक होते. मर्यादा आखण्याची किंमत अशी रोख द्यावी लागते आणि लाभ उधारीवर मिळतो. तो लाभ १९४७ मध्ये दिसला. संस्थान भारतात विलीन व्हावे ही मागणी स्टेट काँग्रेसला धर्माच्या नव्हे, लोकराज्याच्या नावाने करता आली, कारण नऊ वर्षांपूर्वी तिने स्वतःची वेगळी ओळख पणाला लागू दिली नव्हती. गांधीजींनी १९२२ मध्ये चौरीचौरानंतर असहकार मागे घेतला, त्याच जातीचा हा निर्णय होता, आणि तो पचवणे तितकेच कठीण होते.

कशावर अडून बसायचे आणि काय सोडून द्यायचे, हेही या इतिहासात स्पष्ट दिसते. संघटनेच्या नावात ‘काँग्रेस’ आहे हा सरकारचा एक आक्षेप होता. नेत्यांनी ‘हैदराबाद नॅशनल कॉन्फरन्स’ असे दुसरे नाव घेण्याची तयारी दाखवली. नाव सोडायला ते तयार झाले, जबाबदार राज्यपद्धतीची मागणी सोडायला झाले नाहीत. बंदी तरीही उठली नाही; ती उठायला १९४६ चा जुलै उजाडला. त्यानंतर निजामाच्या नव्या सुधारणांखाली विधिमंडळाच्या निवडणुका आल्या, तेव्हा स्टेट काँग्रेसने त्यांवर बहिष्कार टाकला. आठ वर्षे बंदी सोसलेल्या संघटनेला सभागृहाचे दार पहिल्यांदाच किलकिले झाले होते आणि आत शिरण्याचा मोह साधा नव्हता. पण जे सभागृह लोकांना उत्तरदायी नाही त्यात बसण्याचा शब्द देणे म्हणजे मूळ मागणी स्वतःच्या हाताने खोडणे होते. मर्यादा ठरवणाऱ्याला आपले मूळ काम एका वाक्यात सांगता आले पाहिजे, याचे याहून चांगले उदाहरण या भागात सापडणे कठीण. ते वाक्य ठरलेले असले की बाकीच्या गोष्टींत सैल होता येते. ते ठरलेले नसले की माणूस क्षुल्लक बाबींत ताठर आणि मोठ्या बाबींत नमता होतो.

१९६७ मध्ये स्वामीजींच्या मुक्तिसंग्रामाच्या आठवणी इंग्रजीत पुस्तकरूपाने आल्या. त्याच वर्षी अमेरिकेत पीटर ड्रकर यांचे प्रभावी कार्यकारी अधिकाऱ्यावरचे पुस्तक निघाले. प्राधान्यक्रम सगळेच लावतात, पण कोणती कामे करायची नाहीत याचा क्रम लावून तो पाळणे अवघड, कारण मागे ठेवलेले प्रत्येक काम कुणाचे तरी पहिले काम असते, असा एक मुद्दा ड्रकर यांनी त्यात मांडला. व्यवस्थापनशास्त्राला हे कारखान्यांच्या आणि कंपन्यांच्या अनुभवातून उमगले. मराठवाड्याला ते तुरुंगातून आणि बंदीतून उमगले होते.

राज्यकारभारात हेच तत्त्व नांदेडच्या शंकरराव चव्हाणांनी पैशाला लावले. नांदेडचे नगराध्यक्ष ते दोनदा राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे केंद्रात मंत्री अशी त्यांची वाटचाल. शिस्तीमुळे लोक त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणत. १९८६ मध्ये मुख्यमंत्री म्हणून त्यांनी शून्याधारित अर्थसंकल्पाची पद्धत महाराष्ट्रात आणली. एरवी गेल्या वर्षीच्या खर्चात थोडी वाढ धरून पुढचा अंदाज बांधतात. एकदा सुरू झालेली योजना मग कुणी विचारल्याशिवाय चालत राहते. शून्याधारित पद्धतीत प्रत्येक खर्चाला दर वेळी नव्याने आपली गरज सिद्ध करावी लागते. तीच कसोटी नेत्याच्या दैनंदिनीलाही लागू पडते. दहा वर्षांपूर्वी स्वीकारलेले एखाद्या मंडळाचे अध्यक्षपद आज कुणी नव्याने देऊ केले तर घेतले असते का? उत्तर नकारार्थी असेल तर ते पद सवयीने चालले आहे. शंकररावांची स्वतःची निवड मात्र दीर्घकाळ एकच राहिली, ती पाण्याची. जायकवाडीची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, धरणाचे लोकार्पण १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते. अशी कामे एका निवडणुकीच्या मुदतीत संपत नाहीत. ती करायची तर दुसरी अनेक कामे हातची जाऊ द्यावी लागतात.

संकटाच्या वेळी दिलेले शब्द हा वेगळाच प्रकार आहे, कारण तेव्हा भीड नसते, कळवळा असतो, आणि कळवळ्याला हिशेब सुचत नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. आदल्या रात्रीच गणपतीचे विसर्जन झाले होते. किल्लारीच्या परिसरात, लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत, भूकंपाने सुमारे आठ हजार माणसे मारली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचे मातीचे धाबे झोपेतल्या माणसांवर कोसळले. वाचलेल्यांच्या मनात दगडाची अशी धास्ती बसली की घरे जेमतेम तडकलेल्या गावांतूनही “आम्हाला उठवून नवीन जागी न्या” अशी मागणी येऊ लागली. त्या दिवसांत या मागणीला नाही म्हणणे निर्दयपणाचे वाटले असते. पण सगळ्यांना हो म्हटले असते तर जी गावे खरोखर जमीनदोस्त झाली होती त्यांचीच घरे रखडली असती.

शासनाने नुकसानीनुसार गावांची वर्गवारी केली. पूर्ण उद्ध्वस्त अशी ५२ गावे नव्या जागी वसवायची, काही ठिकाणी आहे त्याच जागी बांधकाम करायचे, आणि कमी नुकसानीच्या असंख्य गावांत घरांची दुरुस्ती व मजबुतीकरण करायचे. नव्या गावांत घराचा आकार जमीनधारणेवर ठरला, २५०, ४५० किंवा ७५० चौरस फूट. या आकारांवरून वाद झाले. मोठ्या वाड्यात राहिलेल्यांना ती घरे घरे वाटेनात, रुंद सरळ रस्त्यांच्या वसाहतींत जुन्या गल्लीचा शेजार हरवला. ते वाद खरे होते. तरीही निकष लिहिलेला आणि गावाच्या चावडीत वाचून दाखवता येईल इतका स्पष्ट असणे ही मोठी गोष्ट होती. कुणाला का मिळाले आणि कुणाला का नाही, याचे उत्तर साहेबाच्या मर्जीवर उरले नाही.

दुरुस्तीच्या गावांत शासनाने आखलेली मर्यादा अधिक शिकण्यासारखी आहे. तिथे सरकारने घर बांधून देण्याचा शब्द दिलाच नाही. पैसा हप्त्याने मिळेल, अभियंता सल्ला देईल, बांधायचे मालकाने. हे चालण्यासाठी मधला दुवा हवा होता. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने हजाराहून अधिक गावांत ‘संवाद सहायक’ नेमल्या गेल्या. त्यातल्या बहुतेक गावातल्याच बाया, महिला मंडळांतून पुढे आलेल्या. कोपऱ्याच्या दगडांची सांधणी कशी घट्ट करायची, भिंतींना पट्टा का घालायचा, पुढचा हप्ता कोणत्या टप्प्यावर मिळतो, हे त्या घरोघर सांगत. ज्या गावात बाईने चावडीची पायरी चढणे रीतीला धरून नव्हते तिथे त्या ग्रामसभेत उभ्या राहून बोलू लागल्या. शासनाने सगळे स्वतः करण्याचा अट्टहास सोडला म्हणून ही जागा रिकामी झाली आणि त्या जागेत नवे नेतृत्व तयार झाले. नेत्याने मागे सरकणे हे अनेकदा असे काम करते, मात्र मागे सरकताना पैसा, माहिती आणि अधिकार पुढे सरकवले तरच. नुसतेच मागे सरकणे म्हणजे वाऱ्यावर सोडणे.

न दिलेल्या नकाराची किंमत काय असते, हे लातूर शहराने २०१६ मध्ये पाहिले. धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्ये प्रशासनाला जमावबंदीचे १४४ कलम लावावे लागले. एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, एकेकीत सुमारे पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. पाऊस नव्हता हे खरे. पण मांजरा खोऱ्यात वर्षानुवर्षे त्याच पाण्याचा शब्द पिण्यासाठी दिला गेला, उद्योगांना दिला गेला आणि उसालाही दिला गेला. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील जल व सिंचन आयोगाने १९९९ मध्येच पाण्याच्या तुटीच्या खोऱ्यांत जास्त पाणी पिणाऱ्या पिकांवर बंधने सुचवली होती. उसाला नाही म्हणणे म्हणजे कारखाना, ऊसतोड मजूर, वाहतूकदार आणि शेतकऱ्याच्या हाती येणारा हमखास पैसा, या सगळ्यांना एकदम दुखावणे. पर्यायी पिकाला तसा खात्रीचा बाजार उभा केल्याशिवाय तो नकार देणे अन्यायाचेही ठरले असते. इथे मर्यादा आखण्याआधी करायचे कामच मोठे होते, आणि ते झाले नाही.

नकार कसा द्यावा, याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. गावोगावचे चांगले कार्यकर्ते ते जाणतात. तो लवकर द्यावा, कारण आशेवर झुलवलेल्या माणसाची दुसरी वाटही बंद होते. “बघू”, “करू काहीतरी”, “फोन करतो” हे मराठवाड्यातले सर्वांत महागडे शब्द आहेत. ऐकणारा त्यांना होकार समजतो, बोलणारा नकार, आणि मधल्या सहा महिन्यांत शाळेच्या प्रवेशाची मुदत किंवा पीक विम्याची तारीख निघून जाते. नकाराबरोबर कारण सांगावे आणि काम कुठे होईल तेही सांगावे. ज्याला सगळ्यांसमोर शब्द दिला असेल त्याच्याशी तो मोडण्याची भाषा एकांतात, पण स्वतः जाऊन करावी.

घेतलेले काम खाली कसे ठेवावे, हा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग. शासकीय अधिकाऱ्याची बदली झाली की तो पदभार सोपवतो. प्रलंबित प्रकरणांची यादी होते, सह्या होतात. लोकप्रतिनिधी किंवा संस्थाचालक यांच्याकडे असा कागद सहसा नसतो. त्यांचे शब्द त्यांच्या डोक्यात असतात आणि त्यांच्याबरोबरच जातात. १५ ऑगस्ट १९४७ ला स्वामीजींना अटक झाली तेव्हा विलीनीकरणाचा लढा थांबला नाही, कारण आपण आत गेल्यावर निर्णय कुणी घ्यायचे हे आधीच ठरले होते. दिगंबरराव बिंदू यांच्या नेतृत्वाखालील कृती समिती बाहेरून काम पाहत होती.

१७ सप्टेंबर १९४८ ला संस्थान मुक्त झाल्यावर स्वामीजी तुरुंगातून सुटले. सत्ता जवळ होती आणि ती मिळावी असे वाटणारे सहकारी भोवती होते. त्यांनी मंत्रिपद घेतले नाही. १९५२ मध्ये गुलबर्ग्याहून आणि १९५७ मध्ये औरंगाबादहून ते लोकसभेत गेले. हैदराबाद संस्थानाचे भाषावार विभाजन व्हावे ही मागणी त्यांनी लावून धरली. ते १ नोव्हेंबर १९५६ ला झाले आणि मराठवाडा मराठी मुलखाशी जोडला गेला. त्यानंतरच्या वर्षांत ते सक्रिय राजकारणातून दूर होत गेले. १९३८ मध्ये सोडलेले शाळेचे काम मात्र ते विसरले नव्हते. १९५० मध्येच त्यांच्या पुढाकाराने नांदेड एज्युकेशन सोसायटी उभी राहिली आणि तिचे पीपल्स कॉलेज सुरू झाले. उच्च शिक्षणासाठी हैदराबाद किंवा औरंगाबाद गाठावे लागणाऱ्या पोरांना नांदेडातच महाविद्यालय मिळाले. पुढे नरहर कुरुंदकरांसारखा विचारवंत त्याच कॉलेजात शिकवू लागला आणि तिथला प्राचार्य झाला. स्वामीजींचे निधन २२ जानेवारी १९७२ ला झाले, तेव्हा कॉलेज बावीस वर्षांचे होते आणि त्यांच्याशिवाय नीट चालले होते.